काडी मोडल्यावर बोलायचं नसतं

कायदा शिकवणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा: "मग तुम्ही वकिली का करत नाही?" लातूरच्या भाजी मंडईत मला हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की शेवटी मी "जमत नाही" असंच सांगायला लागले. खरं कारण साधं आहे. पूर्ण वेळ पगारावर शिकवणाऱ्याला कोर्टात उभं राहता येत नाही, तसा नियमच आहे. म्हणजे पोहायला शिकवायचं, पण काठावरूनच. त्यातून आमची भावजय एकदा म्हणाली, "म्हणजे तुम्ही बिनकामाचे वकील!" मी रागावले नाही. रागावण्यासारखं काही खोटं ती बोलली नव्हती.

मग आम्ही वर्गाबाहेर करतो काय? दोन गोष्टी. एक म्हणजे संशोधन. हे बहुतेक वेळा बढतीसाठी असतं आणि ते छापून आलं की लेखक सोडून दुसरं कुणी वाचत नाही. दुसरी म्हणजे शिबिरं. गावोगावी जाऊन लोकांना कायदा सांगायचा. किनवटकडच्या एका पाड्यावर आम्ही एकदा 'महिलांचे हक्क' सांगायला गेलो होतो. मांडव घातलेला, माईक खरखरतोय, पाहुणे उशिरा येणार म्हणून बायका उन्हं चढेपर्यंत बसलेल्या. मी मनापासून बोलले. शेवटी विचारलं, काही शंका? एक बाई उठली आणि म्हणाली, "मॅडम, ते सगळं ठीक हाय, पर तुमी जीपनं आलाव ना, तर जाताना माझ्या पोरीला हॉस्टेलवर सोडता का?" सोडलं. त्या दिवशी आमच्या हातून झालेली कायद्याची सेवा ती एवढीच.

खरे प्रश्न मांडवात येत नाहीत, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ते हातपंपापाशी येतात, नाहीतर चहाच्या वेळी चुलीपाशी. म्हणून माझं संशोधनही चुलीपाशीच झालं. विषय होता काडीमोड. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. काही समाजांत नवरा-बायकोचं पटलं नाही, तर कोर्टात न जाता पंचांसमोर वेगळं होण्याची जुनी चाल आहे. पंच बसतात, दोघं एक गवताची काडी दोन टोकांना धरून मोडतात, आणि लग्न संपतं. पुढे बाईला दुसऱ्याशी पाट, म्हणजे पुनर्विवाह, लावता येतो. हिंदू विवाह कायद्यानं अशी रूढी मान्यही केली आहे. अट एकच, ती रूढी आहे आणि तुमच्या बाबतीत ती पाळली गेली, हे कोर्टात सिद्ध करा. या एका अटीवर कित्येक बायांची आयुष्यं अडकून पडली आहेत, आणि मी माझी उमेदीची वर्षं या अटीमागे फिरण्यात घालवली.

फिरताना एक विचित्र अनुभव यायचा. काडीमोड कशी होते, हे लोक हौसेनं सांगायचे. पण "कुणाची झाली?" म्हटलं की सगळे छपराकडे बघायला लागायचे. मला आधी वाटलं, मी कॉलेजची, कोर्टवाली, म्हणून भीत असतील. मग औराद शहाजानीकडच्या एका म्हातारीनं माझ्यावर चांगलाच आवाज चढवला. "कामून इचारायलीस गं सारखं? जबान दिल्याली असती!" तिनंच मग उलगडून सांगितलं. काडी मोडून झाली की पंचातला प्रत्येक जण त्या बाईसमोर येऊन जबान देतो, की इथून पुढं हा विषय आमच्या तोंडून निघायचा नाही. बाई दुसरीकडे नांदायला जाणार. तिथं तिला कुणी टोचू नये, हिणवू नये, म्हणून ही सोय. ती बाई स्वतः म्हणेल तेव्हाच ती जबान सुटते. मला ही गोष्ट फार आवडली. मी माझ्या निबंधात ती लिहिली, तळटीपेत. विद्वान माणसाला आवडलेली गोष्ट तळटीपेतच जाते, त्याला इलाज नाही.

गयाबाईची गाठ पडली ती माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी. तिच्या परवानगीनं लिहितेय, आणि सगळी नावं बदलली आहेत. उदगीरच्या पुढं कर्नाटकाच्या अंगाला तिचं गाव. पन्नाशी ओलांडलेली, काटक, बोलणं तोलूनमापून. नवरा वारला होता. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं दिवसकार्य झालं न झालं तोच धाकट्या दिरानं तालुक्याच्या कोर्टात दावा लावला, की ही माझ्या भावाची बायकोच नव्हे. हिचं पहिलं लग्न झालेलं होतं, ते कधी मोडलंच नाही, तेव्हा पाट बेकायदेशीर आणि घर-जमीन माझी. दाव्यात गयाबाईसाठी एक शब्द वापरला होता, 'ठेवलेली'. तिनं तो वकिलाकडून दोनदा वाचून घेतला. मग पदर ओढून बसली.

तिची वकील शबाना, माझीच विद्यार्थिनी. हुशार, धडपडी, आणि फी मागायला लाजणारी. समोर बालाजी, तोही माझाच विद्यार्थी, हुशार, आणि लाजणं त्याला ठाऊक नाही. तालुक्याच्या कोर्टात हे असंच होतं, दोन्हीकडून आपलीच लेकरं भांडत असतात. शबाना माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, केस सोपी आहे. गयाबाईची काडीमोड झालीय. पंचांपैकी एक आबा अजून हयात आहेत, किल्लारीकडं असतात. समन्स काढलंय. येतो म्हणालेत."

आबा आले. ऐंशीच्या घरातले, पांढरं धोतर, स्वच्छ सदरा. सकाळच्या एसटीनं येऊन कोर्टाच्या पायरीवर बसले होते. मी मुद्दाम रजा टाकून ऐकायला गेले होते. शबानानं विचारलं, "गयाबाईंना ओळखता?" "हाव." "त्यांचं पहिलं लग्न तुमच्या गावात झालं होतं?" "झालतं." "पुढं पंचांसमोर त्यांची काडीमोड झाली, तेव्हा तुम्ही हजर होता?"

आबांनी गयाबाईकडे पाहिलं. मग जज्जसाहेबांकडे. आणि शांतपणे म्हणाले, "मला काय मालूम न्हाई."

शबानाचा चेहरा पडला. तिनं तोच प्रश्न फिरवून विचारला. तेच उत्तर. बालाजीनं उलटतपासणीसुद्धा घेतली नाही. आपल्या बाजूनं बोलणाऱ्या माणसाला कशाला छेडायचं! बाहेर आल्यावर दिराची माणसं हसत होती, आणि शबाना माझ्याजवळ येऊन दातओठ खात म्हणाली, "फुटला, मॅडम! म्हाताऱ्याला कुणीतरी गाठलं."

"कुणी गाठलं नाही गं त्याला," मी म्हटलं. मला माझी तळटीप आठवली होती, पंचांच्या जबानेची. ज्या चांगुलपणानं ती रूढी चालत आली, त्याच चांगुलपणानं ती कोर्टात सिद्ध होईना. कायदा म्हणतो, बोला, तर मानतो. रूढी म्हणते, बोलायचं नाही, तरच ती पाळली. आणि आम्ही कायद्याची माणसं! माणूस कोर्टापर्यंत आला म्हणजे बोलणारच, हे आम्ही गृहीत धरलेलं. आबा आले ते समन्सचा मान राखायला, गप्प बसले ते दिलेल्या शब्दाचा. त्यांच्या हिशेबात दोन्ही कर्तव्यं चोख झाली होती.

"मग तुम्हीच साक्ष द्या," शबाना म्हणाली. "रूढीबद्दल जाणकाराचं मत कोर्टाला ऐकता येतं. तुम्हीच शिकवलंय."

शिकवलं होतं, हो. पुराव्याचा कायदा मी इतकी वर्षं शिकवला की झोपेत कलमं म्हणेन. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी जन्मात उभी राहिले नव्हते. पुढच्या तारखेला उभी राहिले आणि कळलं, तिथली लाकडी पट्टी हाताला लागते ती किती खालची असते. हात कुठं ठेवावेत ते कळेना. सरतपासणीत शबाना विचारत गेली, मी सगळं नीट सांगितलं: रूढी आहे, आजही चालते, आणि जबान देऊन गप्प राहणं हा तिचाच भाग आहे. मला वाटलं, झकास झालं.

मग बालाजी उठला. नमस्कार केला मला, भर कोर्टात. जज्जसाहेबही हसले.

"मॅडम, आपण स्वतःच्या डोळ्यांनी किती काडीमोडी पाहिल्या?"

"एकही नाही. परक्या माणसाला तिथं बसू देत नाहीत."

"म्हणजे आपली माहिती ऐकीव."

"शेकडो लोकांकडून ऐकलेली आहे."

"ऐकीवच ना, मॅडम? हो की नाही, एवढंच सांगा."

हा 'हो की नाही' मीच त्याला शिकवला होता. कार्टं! मी म्हटलं, "हो."

"आणि आपलं म्हणणं असं, की साक्षीदार काही बोलला तर तो पुरावा, आणि काही बोलला नाही तर तो आणखी मोठा पुरावा?"

कोर्टात खसखस पिकली. मलाही हसू आलं, काय करणार? प्रश्न चोख होता. मी काहीतरी लांबण लावली, ती टायपिस्टनं अर्ध्यावरच सोडली. पिंजऱ्यातून उतरले तेव्हा मला स्पष्ट दिसत होतं, की माझं सगळं संशोधन एका बाजूला आणि गयाबाईचं घर दुसऱ्या बाजूला, आणि यानं ते वाचत नाही.

रस्ता एकच उरला होता. त्या रविवारी मी गयाबाईच्या गावी गेले. तिनं चहा टाकला, भाजलेल्या शेंगा पुढं केल्या. मी सरळ मुद्द्यावर आले. आबांची जबान तूच सोडवू शकतेस. कोर्टात त्यांच्यासमोर उभी राहा आणि म्हण, बोला.

"न्हाई," ती म्हणाली.

"अगं, घर जाईल."

"जाऊ द्या."

"आणि तो शब्द? तो निकालात तसाच राहील. कायमचा."

तिनं चुलीतली काटकी मागं ओढली. म्हणाली, "बाई, तुमी चांगल्या हाव. पर तो इषय नगं. मालकानं सुद्धा कधी इचारलं न्हाई मला. पाट लावताना म्हन्ले, मागचं मागं. मरेपस्तोर एक शब्द काढला न्हाई त्यायनं. आन् मी आता कोर्टात उभं राहून काढू?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं सगळं लोक तुझ्यासाठी करायलेत आणि तू ऐकत नाहीस, असं तोंडावर आलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. दुसरंच काहीतरी होतं, ते मला ओळखता आलं नाही. शेंगा ओच्यात घेऊन मी परत आले. शबानाला सांगितलं, आता युक्तिवादाची तयारी कर आणि अपिलाचीही.

पुढे नवऱ्याचं वर्षश्राद्ध आलं. ते दिरानं आपल्या अंगणात केलं. गयाबाई सकाळीच नवं लुगडं नेसून, डब्यात खीर घेऊन गेली. जावेनं उंबऱ्यावरच अडवलं आणि म्हणाली, "कोर्टाचं ठरू दे आधी तू कोन हायस ते." पंगती उठेपर्यंत गयाबाई बाहेर बाभळीखाली उभी होती, खिरीचा डबा हातात धरून. गावातलं कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी शेजारणीच्या मोबाइलवरून मला फोन आला. आवाज अगदी कोरडा होता. "बाई, आबाला बोलवा परत."

साक्षीदाराला परत बोलावायला अर्ज करावा लागतो. बालाजीनं हरकत घेतली, जज्जसाहेबांनी अर्ज मंजूर केला. आबा पुन्हा सकाळच्या एसटीनं आले, तोच सदरा. पिंजऱ्यात उभे राहिले. शबाना काही विचारणार, तेवढ्यात गयाबाई मागच्या बाकावरून उठून पुढं आली. शिपायानं हात आडवा केला. जज्जसाहेबांनी मानेनंच खूण केली, येऊ द्या.

"आबा," ती म्हणाली, "मी सोडलं तुमाला. बोला आता."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं. "नक्की का गं माय?"

"हाव."

मग आबा बोलले. तारीख-वार त्यांना सांगता आला नाही, पण मारुतीच्या पारावर पंच बसले होते, कोण कोण होतं, काडी कुठल्या गवताची होती, मोडल्यावर दोन तुकडे कुणी उचलले, हे सगळं त्यांनी एका लयीत सांगितलं. त्यात मला नवं काही नव्हतं, पण पुस्तकात वाचणं आणि त्या माणसाच्या तोंडून ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शबाना खाली बसली.

बालाजी उठला. उलटतपासणीचा पहिला धडा मी दरवर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायची: ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारू नये. बालाजीला तो पाठ होता. पण समोरचा डाव उलटत चालला की चांगल्या चांगल्या वकिलाची जीभ ताब्यात राहत नाही. तो म्हणाला, "आबा, काडी उगीच मोडत नाहीत. काहीतरी भांडण, काहीतरी वागणूक. कारण काय होतं, ते कोर्टाला सांगा की!"

आबांनी पुन्हा गयाबाईकडं पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

"भांडण न्हवतं साहेब," आबा म्हणाले. "भूकंपात त्यायचं लेकरू गेल्तं. पोरगी. घर पडलं तवा दोघं बी शेतात खळ्यावर झोपाय गेल्ते, म्हणून वाचले. पोरगी म्हातारीपाशी घरात व्हती. त्याच्यानंतर दोघं बी पत्र्याच्या शेडमधी ऱ्हायचे, पर एकमेकांच्या तोंडाकडं बघवंना झालं. ह्यानं तिच्याकडं बघितलं की त्याला पोरगी दिसायची, हिला बी तेच. कोन कोनाला बोललं न्हाई, कोनी हात उगारला न्हाई. काडी मोडताना दोघं बी रडत व्हते. आमी पंच बी. तुमी इचारलं म्हणून सांगितलं."

बालाजी उभाच होता. त्याचं गाव त्याच पट्ट्यातलं, हे मला ठाऊक होतं. तेव्हा तो जेमतेम शाळेत जाणारा असेल. त्यानं गाऊनच्या बाह्या उगाच सारख्या केल्या आणि म्हणाला, "आणखी काही विचारायचं नाही." नंतर व्हरांड्यात तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, तो प्रश्न चुकला माझा."

"चुकला," मी म्हटलं. "आणि चुकला ते बरं झालं." तो पायऱ्या उतरून गेला.

निकाल काही महिन्यांनी लागला. रूढी सिद्ध झाली, काडीमोड सिद्ध झाली, गयाबाई ही मयताची कायदेशीर पत्नी ठरली. निकालात माझ्या साक्षीचा उल्लेख दीड ओळीचा आहे आणि त्यात माझं आडनाव चुकलंय. दिरानं अपील केलं नाही. कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी आग्रह केला, की मॅडम, यावर निबंध लिहा, असा निकाल क्वचित येतो. मी बसलेही लिहायला. रूढीतली ती जबान किती सुंदर, किती दयाळू, असं पहिलं वाक्य झालं, आणि पुढं हात चालेना. कारण आबांच्या दुसऱ्या साक्षीच्या दिवशी संध्याकाळी जे घडलं ते मला त्या वाक्यात बसवता येईना.

त्या संध्याकाळी आबांना एसटीत बसवून दिलं आणि गयाबाईला सोडायला मी वडापच्या जीपमध्ये तिच्याबरोबर निघाले. मला धास्ती वाटत होती. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तिच्याकडून भर कोर्टात काढून घेतलं, आता बाई कोसळेल, आजारी पडेल, मला शिव्या देईल. ती खिडकीशी बसली होती. जीप गावाबाहेर आली. तुरीचं रान लागलं. आणि ती एकाएकी म्हणाली, "चंदा नाव व्हतं."

मी तिच्याकडं पाहिलं.

"नुकती चालाय लागली व्हती. पायात वाळे घातले तर बसकन मारायची अन् ते काढायची. लई द्वाड. कोंबडीच्या मागं जायची, कोंबडी फिरून अंगावर आली की माझ्या लुगड्यात शिरायची. अन् बाई, तिला काकडी म्हनता येत न्हवतं, काकी म्हनायची. तवाची आमची जाऊ म्हनायची, बघ, मला हाक मारायली."

ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होते. समोर बसलेली एक अनोळखी बाई विचारायला लागली, "किती वर्साची हाय लेक?" गयाबाईनं तिलाही सांगितलं, सगळं, न अडखळता, आणि मग परत मागं जाऊन पोरीच्या जावळाचं, तिच्या उचकीचं, तिच्या वेळच्या बाळंतपणात आईनं केलेल्या डिंकाच्या लाडवांचं. तीस वर्षांत त्या लेकराबद्दल तिला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. सगळे चांगले होते ना, सगळ्यांनी जबान पाळली होती.

तिच्या गावचा फाटा आला. ड्रायव्हरनं जीप थांबवली, माणसं उतरली, त्यानं दोनदा हॉर्न दिला. गयाबाई माझा हात धरून बोलतच होती.